अण्णांच्या घरचं केशर-पिस्ता

देवळाली प्रवऱ्यात रामहरी अण्णांना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्यासमोर निवांतपणे आइस्क्रीम खाल्लेला माणूसही सापडणार नाही. अण्णा कुणाच्या हातातलं काढून घेत नाहीत. ते फक्त जवळ येतात, खिशातून चष्मा काढतात आणि म्हणतात, "जरा कागद दाखव बरं." तेवढ्यानं खाणाऱ्याच्या तोंडाची चव जाते.

अण्णांनी उभी हयात दूध संकलन केंद्रावर काढली. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे आणि अण्णा दुधाची फॅट मोजायचे. गावात दोनच प्रश्नांना महत्त्व होतं, उसाला तोड कधी आणि दुधाला फॅट किती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अण्णांच्या हातात होतं, पण त्याचा ताठा त्यांना कधी चढला नाही. कुणाच्या दुधात पाणी निघालं तर ते चारचौघांत तसं बोलत नसत. किटली हळूच बाजूला सरकवून म्हणत, "आज म्हशीनं पानी लई पिल्यालं दिसतंय." समजायचं तो समजायचा. मात्र ती किटली परत जायची म्हणजे जायचीच. एकदा ती खुद्द सासऱ्यांची होती. अण्णांच्या पत्नी झुंबरबाई त्या दिवाळीला माहेरी गेल्या त्या संक्रांतीला परत आल्या. अण्णा स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले, पण परत पाठवलेल्या किटलीबद्दल दिलगिरीचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

मग केंद्रावर मशीन आलं. दूध ओतलं की आकडे आपोआप उमटू लागले. अण्णा निवृत्त झाले, पण तपासायची सवय काही निवृत्त झाली नाही. पहिले काही महिने ते घरचंच दूध नखावर घेऊन बघत. झुंबरबाई म्हणाल्या, "घरच्या म्हशीवर तरी इश्वास ठेवा." त्या दिवसापासून अण्णांनी म्हशीचा नाद सोडला आणि त्यांची नजर पुड्यांकडे वळली.

सुरुवात झाली ती कल्याणच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यात. कल्याण म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, साखर कारखान्याच्या ऑफिसात कामाला. त्यानं एका संध्याकाळी नव्या बायकोसाठी आइस्क्रीमचा मोठा डबा आणला. बायको निकिता, नगरच्या सावेडीची. सासऱ्याला काय आवडतं काय नाही हे तिला अजून माहीत नव्हतं. अण्णांनी डबा उलटासुलटा केला. इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी होती.

"वाच गं पोरी, काय काय लिवलंय."

निकिता वाचू लागली. "पाणी, साखर, खाद्य वनस्पती तेल..."

"थांब. तेल?"

"हो अण्णा. पामचं."

"पुढं."

"दुधाची भुकटी, ग्लुकोज, इमल्सिफायर चारशे एकाहत्तर, स्टॅबिलायझर चारशे बारा आणि चारशे सात, रंग एकशे दोन. आणि कृत्रिम स्वाद."

"आन् वर नाव काय?"

"फ्रोझन डेझर्ट."

"म्हंजे आइस्क्रीम म्हनायची त्याची त्यालाच लाज वाटली," अण्णा म्हणाले आणि चमचा खाली ठेवला. कल्याणनं आपली वाटी भिंतीकडे तोंड करून संपवली.

पण त्या दिवसापासून सासरा आणि सून यांचं एक वेगळंच सूत जमलं. बाजारातून काहीही आलं की अण्णा हाक मारत आणि निकिता पुडा हातात घेऊन वाचून दाखवी. बिस्किटं, फरसाण, सॉस, सगळं झालं, पण अण्णांचा खरा राग आइस्क्रीमवर. बिस्किटानं दुधाचं सोंग तरी घेतलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. ते आकडे अण्णांना लवकरच तोंडपाठ झाले. एकदा निकितानं मोबाईलवर बघून सांगितलं, "अण्णा, चारशे बारा म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. आपल्या बांधावर आहे तीच गवार."

अण्णा संध्याकाळी बांधावर जाऊन गवार बघून आले. रात्री जेवताना म्हणाले, "गवार भाजीत घालत्यात."

वेशीजवळ सूर्यभानचं दुकान आहे. दुकानात कंपनीनं दिलेला काचेच्या झाकणाचा फ्रीजर, बाहेर छत्री आणि एक बाकडं. संध्याकाळी अण्णा त्या बाकड्यावर बसत. सूर्यभान त्यांच्यापेक्षा लहान, तोंडाचा फटकळ, पण अण्णांना मानणारा. अण्णांनी पूर्वी त्याच्याही बापाची किटली परत पाठवलेली होती.

"अण्णा, बसा. पन चष्मा खिशात ठिवा," तो म्हणायचा. "तुमचा चष्मा बाहेर निघाला की माझं गिऱ्हाईक उठतंय."

"मी कुनाला खाऊ नको म्हनलो का? फक्त वाचून दाखवतो."

"त्येच तर. तुमी नुसतं वाचलं तरी पोथी वाचल्यावानी वाटतंय. मानूस उपास धरतो."

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास निकिताला दिवस गेले. घरात आनंद झाला आणि अण्णांची वाचनाची हौस दुप्पट झाली. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचं ठरलं. अण्णांची बहीण रतनबाई पुणतांब्याहून आठ दिवस आधीच येऊन बसली. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं निकिता, कशावर वासना जाती?"

निकिता लाजून म्हणाली, "आत्याबाई, ती नारिंगी रंगाची काडीवाली कँडी असते ना, ती."

अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी मान आत वळवली. "त्यात दूध अस्तं का?"

"नाही अण्णा."

"संत्रं?"

"नसावं."

"मग अस्तं काय?"

"काहीच नसतं अण्णा. म्हणूनच छान लागते."

या उत्तरावर रतनबाई पदर तोंडाला लावून हसली. अण्णांना मात्र ते लागलं. आपल्या नातवंडाच्या जिभेला पहिली थंड चव लागायची ती काहीच नसलेल्या कँडीची, हे त्यांना मानवेना. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की डोहाळजेवणाला आइस्क्रीम घरी होईल, दूध घरचं, साय घरची आणि हात त्यांचा. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण त्यांनी व्याह्यांना फोन लावला.

व्याही अमृतराव बँकेतून निवृत्त झालेले, खाण्याचे शौकीन. नगरमध्ये कुठं काय चांगलं मिळतं हे त्यांना विचारावं. आइस्क्रीमचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे एक पार्लर आहे अण्णा, तसं शुद्ध आइस्क्रीम तुम्ही खाल्लं नसेल."

"तुमी या तर खरं," अण्णा म्हणाले. "शुद्ध कशाला म्हनत्यात ते दावतो."

फोन ठेवल्यावर झुंबरबाई म्हणाल्या, "कधी केलंय का आधी?"

"त्यात करायचं काय? दूध, साखर, बर्फ. सारा खेळ फॅटचा. आन् फॅट मला शिकवू नको. त्या दिवशी मधी बोलायचं न्हाई."

झुंबरबाई बोलल्या नाहीत.

एप्रिल चालू होता. डोहाळजेवणाच्या दिवशी पहाटेच अण्णांनी म्हशीचं दूध आटवायला ठेवलं. त्यात वेलदोडा, केशर, पिस्ते घातले. वर, फॅट कमी पडायला नको म्हणून, चार दिवस साठवलेली साय घातली. तेवढ्यावरही मन भरेना, म्हणून जुन्या ओळखीनं केंद्रावरून ताजी क्रीम आणून तीही ओतली. हातानं फिरवायचं लाकडी पॉट एका आचाऱ्याकडून मागून आणलं होतं. राहुरीहून येणारी बर्फाची लादी मात्र उशिरा आली, आणि पोत्यात गुंडाळलेली असूनही निम्मी रस्त्यातच पाणी होऊन गेलेली. तोवर अमृतराव, विहीणबाई आणि त्यांची मंडळी दारात उतरली. आटवलेलं दूध अजून कोमट होतं. आणखी थांबायला वेळ नव्हता. अण्णांनी ते तसंच पॉटच्या डब्यात ओतलं, भोवती उरलासुरला बर्फ आणि खडे मीठ भरलं आणि मागच्या अंगणात, गोठ्याच्या सावलीत बसून दांडा फिरवायला घेतला.

आत माजघरात निकिताला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. बायका ओटी भरत होत्या. रतनबाई मोठ्यानं सांगत होती, "आमचा दादा मागं आइस्क्रीम करतोय. पोटभर जेवू नगा." अमृतराव दोनदा मागच्या दारात येऊन बघून गेले.

"होतंय का अण्णा?"

"व्हतंय, व्हतंय. घट्ट व्हायला लागलंय."

खरंच दांडा जड होत होता. अण्णांनी बाही सरसावली आणि आणखी जोर लावला. जितकं फिरवाल तितकं हलकं होतं, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. दांडा आधी जड झाला, मग एकाएकी सैल फिरायला लागला. झालं असं समजून त्यांनी झाकण उघडलं.

झुंबरबाई पाण्याची कळशी घेऊन मागून चालल्या होत्या. त्यांनी वाकून आत पाहिलं. डब्यात पातळ, केशरी पाणी होतं आणि त्यावर पिवळेधमक गोळे तरंगत होते. गोळ्यांना पिस्ते चिकटले होते.

"लोनी आलंय," झुंबरबाई म्हणाल्या. "चांगलं आलंय."

अण्णा नुसते बघत राहिले. तीस-पस्तीस वर्षं ज्या फॅटचा हिशोब केला, ती सगळीच्या सगळी डोळ्यांसमोर वेगळी होऊन वर आली होती. इतकी पुरती फॅट त्यांनी केंद्रावरही कधी पाहिली नव्हती.

"तुला कळलं हुतं?"

"मघाशीच. आवाज ताकावानी यायला लागला तवाच."

"मग सांगायचं न्हाई?"

"मधी बोलायचं न्हाई म्हनला व्हता."

झुंबरबाईंनी कळशी खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आत जाऊन सरळ सांगा. लोनी झालं म्हना. हसतील, जेवतील, जातील. मी गरम भाकरी टाकते. पोरगी लोन्याबरबर चार घास जादा खाईल."

हा सल्ला बावनकशी होता. दुसऱ्या कुणाला अण्णांनीही हाच दिला असता. पण माजघरातून अमृतरावांचा आवाज आला, ते कुणाला तरी सांगत होते, "आमचे व्याही म्हणजे शुद्धतेचा आयएसआय मार्क." अण्णांनी डबा झाकला. दावणीजवळची दुधाची किटली उचलली आणि ते मागच्या गल्लीनं बाहेर पडले. अण्णांच्या हातात किटली दिसली तर या गावात कुणी कुठं चाललात म्हणून विचारत नाही.

सूर्यभान दुपारच्या वेळी दुकानात डुलक्या काढत होता. अण्णांनी काउंटरवर किटली ठेवली. सूर्यभाननं किटलीकडे पाहिलं, अण्णांच्या घामेजलेल्या बाहीकडे पाहिलं, कोपराला चिकटलेल्या पिस्त्याकडे पाहिलं. मग फ्रीजरचं झाकण सरकवलं.

"कोनतं देऊ?"

"केशर-पिस्ता हाय का?"

"हाय. पन त्यात एकशे दोन हाय अण्णा."

अण्णा म्हणाले, "दे."

"आन् चारशे एकाहत्तर बी."

"सूर्यभान, दे म्हनलो ना."

त्यानं मोठे डबे उघडून चमच्यानं उकरून किटली भरली, वरून बर्फाचे तुकडे बांधलेलं फडकं दिलं. रिकामे डबे मात्र त्यानं काउंटरखाली टाकले. "हे मी टाकून देतो," तो अदबीनं म्हणाला. "तुमच्या दारात बरं दिसायचं न्हाई."

पंगत उठायच्या आत वाट्या भरल्या गेल्या. झुंबरबाईंनी वाढताना नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि अण्णांना तेच फार जड गेलं. अमृतरावांनी पहिला चमचा तोंडात घालून डोळे मिटले.

"वा. याला म्हणतात दूध. हे बाजारात मिळणार नाही." विहीणबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. रतनबाईनं तर जाहीर केलं की माहेरच्या म्हशीचा गुण आहे, जिभेवर कशी साय फिरते बघा. जी जिभेवर फिरत होती ती साय नव्हती, पण तिथं हे दोघांनाच माहीत होतं. खरं तर तिघांना. निकितानं पहिला चमचा खाल्ला आणि तिची मान वर झाली. तिनं या घरात वर्षभर डबे वाचून काढले होते. ती अण्णांकडे बघत राहिली. मग खाली मान घालून तिनं ती वाटी संपवली, आणि नंतर आणखी एक. इतकं तृप्त होऊन खाताना अण्णांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात अमृतरावांनी विचारलं, "अण्णा, आता सांगाच. काय काय घातलंत यात?"

आयुष्यभर लोक अण्णांना हाच एक प्रश्न विचारत आले होते, यात काय आहे. त्याला खोटं उत्तर त्यांनी सासऱ्यांनाही दिलं नव्हतं. गल्लीतून किटली आणणं जमून गेलं होतं, पण या प्रश्नावर खोटं बोलायला जीभ वळेना. ते उभे राहिले.

"पानी," अण्णा म्हणाले. "साखर. पामचं तेल. दुधाची भुकटी. ग्लुकोज. इमल्सिफायर चारशे एकाहत्तर. स्टॅबिलायझर चारशे बारा. रंग एकशे दोन. आन् वास कृत्रिम."

सगळं माजघर हसायला लागलं. अमृतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय माणूस आहे," ते शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "बाजारवाल्यांची अशी जिरवावी."

"खरंच सांगतोय मी," अण्णा म्हणाले.

त्यावर लोक आणखी हसले.

अण्णा खाली बसले. फुलांच्या दागिन्यांतून वाकून निकितानं हळूच सांगितलं, "अण्णा, चारशे सात राहिलं."

त्यानंतरचे दिवस अण्णांना केंद्रावरच्या सगळ्या वर्षांपेक्षा अवघड गेले. गावात बोलबाला झाला. कुणाच्या घरी बारसं, कुणाच्या घरी साखरपुडा. माणसं येऊन ओट्यावर बसू लागली. "अण्णा, तुमच्या हातचं केशर-पिस्ता पायजेल."

"अरे, ते माझं नव्हतं. सूर्यभानच्या दुकानातलं हुतं."

"रेशिपी सांगायची नसंल तर नका सांगू अण्णा. पन अशी चेष्टा नका करू."

शेवटी अण्णा एका माणसाला हाताला धरून दुकानात घेऊन गेले. "सूर्यभान, तूच सांग ह्याला. त्या दिवशी मी किटली भरून नेली का न्हाई?"

सूर्यभाननं कान कोरता कोरता विचार केल्यासारखं केलं. "तुमी? माझ्या दुकानातनं? अण्णा, तुमी तर माझं आइस्क्रीम हातात बी धरत न्हाई. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

तो माणूस अण्णांकडे आदरानं बघत निघून गेला. अण्णा बाकड्यावर बसले. सूर्यभाननं त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला. "रागावू नगा," तो म्हणाला. "आमच्या बापाच्या किटलीत त्या दिवशी खरंच पानी नव्हतं."

"हुतं," अण्णा म्हणाले.

"व्हय, हुतं," सूर्यभान म्हणाला, आणि दोघंही रस्त्याकडे बघत बसले.

निकिता बाळंतपणाला सावेडीला गेली. मुलगी झाली. दवाखान्यात अण्णा नातीला बघून आले तेव्हा इतके हरखले होते की तो विषयच कुणी काढला नाही. पण घरी आले आणि चार दिवसांत अमृतरावांचा फोन आला. बारसं सावेडीला, सगळी सोसायटी बोलावलेली, आणि आइस्क्रीम अण्णांचं. शब्द देऊन बसलोय, ते म्हणाले.

अण्णा खाटेवर सरळ बसले. झुंबरबाई समोर शेंगा निवडत होत्या. "अमृतराव," अण्णा म्हणाले, "आता नीट आयका. त्या दिवशी माझं आइस्क्रीम बिघडलं. त्याचं लोनी झालं. मी इकतचं आनून तुमच्या वाटीत घातलं. तुमाला फसवलं मी. हे हसन्यावारी नेऊ नगा."

अमृतराव म्हणाले, "अण्णा, तुम्ही फार संकोची. आम्हाला त्रास नको म्हणून टाळताय ना?"

"न्हाई हो. तुमच्या लेकीला इचारा. तिला म्हाईत हाय."

फोन निकिताकडे गेला. अण्णांना सगळं ऐकू येत होतं, बाळाचं कुरकुरणंसुद्धा. अमृतराव लेकीला विचारत होते, "खरं काय ते सांग गं. तुझे सासरे म्हणताहेत ते विकतचं होतं. मला पटत नाही. तू काय म्हणतेस?"

अण्णांनी फोन कानाशी घट्ट धरला. तिनं हो म्हटलं की सुटलो, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "अण्णा खोटं कधीच बोलत नाहीत."

"तेच," अमृतराव म्हणाले. "तेच मी सगळ्यांना सांगतो. असा माणूस विकतचं आणून वाढेल का?"

पुढचं अण्णांना नीट ऐकू आलं नाही. पलीकडे कुणी तरी हसलं, बाळ रडायला लागलं, भांडं पडलं. मग निकिताचा आवाज जवळ आला, अगदी हळू. "अण्णा, मी सांगून पाहिलं. पप्पा विचारताहेत, बर्फ किती आणून ठेवायचा?"

अण्णांनी फोन छातीशी धरला आणि झुंबरबाईंकडे पाहिलं. त्या शेंगा निवडतच होत्या.

"म्हनावं, दोन लाद्या," त्या म्हणाल्या. "आन् साय मी सांगंन तेवढीच घालायची."